झोटवाड्याच्या किल्ल्याचं हवाई दल

किल्ल्याच्या बाबतीत मी चेष्टा खपवून घेत नाही. माझं टक्कल, माझं गाणं, माझी स्कूटर, कशावरही हसा. पण साताऱ्यात आमच्या आळीत दिवाळीच्या किल्ल्यांमध्ये सलग चार वर्षं पहिला नंबर माझा होता, आणि पाचव्या वर्षी जो दुसरा आला तो परीक्षकांना बुरूज कशाशी खातात हे माहीत नव्हतं म्हणून. हे सगळं मी बायकोला लग्न ठरतानाच सांगितलं होतं. ती म्हणते, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

त्यामुळे जयपूरला बदली झाली, झोटवाड्यात एका घराचा तळमजला भाड्यानं मिळाला आणि घरापुढे दोन खाटा मावतील एवढं अंगण दिसलं, तेव्हा मी आधी मनातल्या मनात तिथे किल्ला बांधला आणि मग घरमालकाला पाणी किती वेळ येतं ते विचारलं. मी विमा कंपनीत क्लेम तपासायचं काम करतो. काय मोडू शकतं, कसं मोडू शकतं आणि मोडल्यावर लोक काय सांगतात, हे बघण्यात माझा दिवस जातो. निदान दिवाळीत तरी काहीतरी बांधावं असं मला वाटतं.

लेक तेव्हा दहा वर्षांची होती. जूनमध्ये नव्या शाळेत गेली आणि पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून "मेरा किताब" म्हणाली. सगळा वर्ग हसला. मुलं दुष्ट नव्हती, हसायला मिळालं म्हणून हसली. पण त्या दिवसापासून हिनं बाहेर तोंड उघडणं बंद केलं ते बंदच. घरी तिघांचं मिळून एकटी बोलायची आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की कुलूप. गल्लीतल्या मुली खेळायला बोलवायच्या, ही पडद्यामागून बघायची. रोज संध्याकाळी एकच प्रश्न, "बाबा, परत कधी जायचं?"

शेवटी आम्ही ठरवलं. दिवाळीपर्यंत बघायचं. नाहीच रमली, तर मायलेकींनी साताऱ्याला तिच्या आजोळी जायचं, दुसऱ्या सत्रापासून जुन्या शाळेत बसायचं आणि मी इथे एकटा राहायचं. जुनी शाळा तयार होती. भाऊबीज झाल्यावरच्या सोमवारची पुण्याची दोन तिकिटं काढली. फोनमधल्या तिकिटावर माझा विश्वास नाही, म्हणून चांगल्या जाड कागदावर छापून आणली आणि फ्रिजवर उंटाच्या चुंबकाखाली लावली. तो उंट ही आमची जयपुरातली पहिली खरेदी. रोज सकाळी दूध काढताना तो कागद डोळ्यांपुढे यायचा. मला त्या दोघींशिवायचं घर नको होतं. पण लेकीचा पडद्यामागचा चेहराही मला बघवत नव्हता, आणि या दोन्हींतून वाट काढायची अक्कल माझ्याकडे नव्हती. मी एवढंच म्हटलं, "जाता जाता किल्ला तरी करूया."

बायको म्हणाली, "तुमचा किल्ला, तुमचा हट्ट. चिखलाचे पाय घेऊन घरात कुणी यायचं नाही."

दिवाळीच्या दहा दिवस आधी कामाला लागलो. विटा रचल्या, त्यावर पोती टाकली, वरून माती थापली आणि माती सरळ खाली आली. पुन्हा थापली, पुन्हा आली. इथली माती वाळूसारखी. साताऱ्याच्या मातीला चिकटून राहायची सवय असते, हिला नव्हती. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होतो, "पाणी कमी घाल, आता जास्त घाल." लेक कोपरापर्यंत बरबटली होती.

शेजारच्या भिंतीवरून मांजी हे बघत होत्या. सगळी गल्ली त्यांना मांजी म्हणते. सत्तरीच्या, डोक्यावर ओढणी, आवाज खणखणीत. मुलाचा लोखंडी जाळ्या करायचा छोटा कारखाना, घरात सून आणि दोन नाती, मोठी आमच्या लेकीच्याच वयाची.

"गोबर मिलाए बिना कभी टिकता है क्या?" त्यांनी विचारलं. आणि अर्ध्या तासात स्वतः डोक्यावरून शेणाचं घमेलं घेऊन हजर. माती आणि शेण कालवून दिलं, थापायचं कसं ते दाखवलं, आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाहर के होकर भी कितना मानते हो. और इतना बड़ा! हमारे यहाँ तो अब लोग थाली जितना बनाते हैं."

माझी छाती फुगली. आत जाऊन बायकोला म्हटलं, "बघ, राजस्थानातल्या माणसाला किल्ला समजावून सांगावा लागत नाही. रक्तात असतं."

"शेण लागलेले हात धुवा आधी," ती म्हणाली.

किल्ला उभा राहिला, आणि चांगला उभा राहिला. दोन बुरूज, एक चोरदरवाजा, पायऱ्या, पायथ्याला परातीचं तळं, डोंगरउतारावर अळीव पेरले. अडलं ते माणसांवर. मावळे कुठे मिळेनात. कुंभारांच्या बाजारात लक्ष्मी, गणपती, हत्ती, उंट, पणत्यांचे ढीग. पण भाला घेतलेला एक माणूस नाही. एका कुंभाराला मी हातवारे करून मावळा समजावला. त्यानं विचार करून मातीचे बँडवाले पुढे केले. "ये ले जाओ साहब, वर्दी तो इनकी भी है."

मी रिकाम्या हातानं परत आलो. एवढा कष्टानं बांधलेला किल्ला आणि वर चिटपाखरू नाही. मी तोंड पाडून पायरीवर बसलो, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, मी माणसं आणू का? माझ्याकडे आहेत."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर किल्ल्यावर वस्ती झालेली. आणि तीही एक नाही, तीन.

खाली गुहेत बुटके. हे राजमा होते, पेनानं डोळे काढलेले. बुटक्यांना लोखंडाशिवाय काही आवडत नाही, ते दिवसभर ठोकाठोक करतात आणि कुणी काही विचारलं तर आधी नाही म्हणतात. वर बालेकिल्ल्यावर लांबकाने. हे वालपापडीच्या शेंगांचे, टोकाला चिरून कान केलेले. आळशी, पण वारा यायच्या आधी त्यांना ऐकू येतो. आणि तळ्यात पाणमाणसं, म्हणजे माझ्या जुन्या शर्टांची बटणं. ती गरम पाण्याची जाणकार.

"आणि हे काय?" मी विचारलं. बुरुजांवरून, पायऱ्यांवरून, चोरदरवाज्यातून काहीबाही बाहेर आलेलं होतं.

"विमानं."

इथे माझा संयम संपला. "किल्ल्यावर विमानं नसतात."

"ह्या किल्ल्यावर असतात. खाली सगळा वाळूचा देश आहे ना बाबा. चालत गेलं की पाय रुततात. मग उडायलाच लागतं."

मी खाली वाकलो. बुटक्यांचं विमान बुटपॉलिशच्या डबीचं, आत बंद पडलेल्या गजराच्या घड्याळाची चाकं. ते पायडल मारून चालतं आणि फार जड आहे. लांबकान्यांचं कागदाचं, त्याच्या कामट्या तिनं समोरच्या कडुलिंबात संक्रांतीपासून अडकलेल्या पतंगांमधून काठीनं काढल्या होत्या. ते हलकं, पण वारा नेईल तिकडे जातं. पाणमाणसांचं वाफेवर चालतं. त्याला कुकरची जुनी शिट्टी होती. ते वर जातं पण खाली येत नाही.

"मग वर गेलेल्या पाणमाणसांचं काय होतं?" माझ्यातला क्लेमवाला जागा झाला.

"त्यांचा पाऊस होतो. चालतं त्यांना."

"आणि बुटक्यांचं पडलं तर?"

"ते रोजच पडतं. जिथे पडतं त्या जागेला ते नाव देतात आणि परत बांधतात."

आमच्या धंद्यात असे ग्राहक मिळाले असते तर मी सुखानं म्हातारा झालो असतो. मी म्हटलं, "अगं पण एकाकडे लोखंड आहे, एकाकडे पंख आहेत, एकाकडे इंजिन. तिघं मिळून एकच का नाही बांधत?"

ती अळिवाच्या रोपांवर पाणी शिंपडत होती. वर न बघता म्हणाली, "त्यांची बोली वेगळी आहे ना. लांबकान्यांनी एकदा बोलून बघितलं होतं. बुटके हसले."

मी आत गेलो, माठातलं पाणी प्यालो, आणि लगेच बाहेर यायला मला जमलं नाही. माझी पोर मला जे चार महिने सांगत होती ते मला राजम्याच्या दाण्यांकडून कळावं लागलं, याची फार लाज वाटली. मग बाहेर आलो, खुर्ची बाजूला सारली आणि चिखलात मांडी घालून बसलो. "चल, तिघांचं मिळून एक बांधू. बुटक्यांना काय सांगायचं ते मी बघतो."

पुढचे चार दिवस म्हणजे नुसती चंगळ. ऑफिसात मी जळक्या गोदामाचा अहवाल लिहिता लिहिता समासात पंख काढत होतो. घरी आलो की चहाही न घेता अंगणात. सांगाडा बुटक्यांचा, तारेचा. पंख लांबकान्यांचे, आकाशकंदिलातून उरलेल्या लाल पतंगी कागदाचे. इंजिन पाणमाणसांचं, शिट्टीसकट. गच्चीच्या कठड्यापासून फाटकापर्यंत, बरोबर किल्ल्याच्या डोक्यावरून, मी एक दोरी ताणली. विमान दोन आकड्यांवर लटकवून वरून सोडायचं, ते किल्ल्यावरून उडत फाटकाला पोचायचं. बाकीची विमानं आम्ही शेजारीच ताणलेल्या दुसऱ्या दोरीला दोऱ्यांनी लटकवली आणि दोऱ्यांची खालची टोकं बुरुजांना बांधली.

विमान सोडलं. बालेकिल्ल्यापर्यंत आलं आणि तिथेच डुलत उभं राहिलं. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. मी दोरीला मेणबत्ती घासली, उतार वाढवला, दोरीला नावं ठेवली, दोरी विकणाऱ्यालाही ठेवली. बायको खिडकीतून म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

हलकं होतं, दुसरं काही नाही. पुढच्या बैठकीत वजन हवं होतं. मी एक खडा उचलला, तर लेकीनं माझा हात धरला.

"तिथे परक्या माणसाची जागा आहे. बाहेरचं कुणीतरी बसल्याशिवाय हे उडत नाही. नियम आहे."

"अगं, तीन तऱ्हेचे लोक आहेत की. लांबकान्यांना बुटके परके नाहीत का?"

"होते. आता एकत्र बांधलं ना, आता सगळे किल्ल्यावरचेच झाले."

"मग दगड परका."

"दगड तर किल्ल्यातलाच आहे, बाबा!"

असा वाद मी हायकोर्टातल्या वकिलाशीही हरलो नसतो, पण इथे हरलो. विमान तसंच गच्चीच्या कठड्याला बांधून ठेवलं. लक्ष्मीपूजन झालं. फ्रिजवरचा उंट सोमवारचा कागद सांभाळत होता.

पाडव्याची सकाळ. पाडव्याला नवऱ्याला तेल लावून न्हाऊ घालायचं ही आमच्याकडची पद्धत, आणि वर्षातून एकदा मिळणारा हा मान मी सोडत नाही. पाटावर बनियनवर बसलो होतो, डोक्यावरून तेल गळत होतं, आणि फाटक वाजलं. पाठोपाठ बांगड्या, पैंजण, घंटी. मी तसाच बाहेर गेलो.

मांजी आल्या होत्या. नवी कोरी चुनरी, हातात ताट, ताटात कुंकू, लाह्या, बत्तासे, चुरम्याचे लाडू, दिवा. मागे सून, दोन्ही नाती, आणि त्यांच्यामागे गल्लीतल्या आणखी पाचसात बायका आणि पोरांचं लटांबर. सगळ्यांनी चपला फाटकाबाहेर काढल्या होत्या. मी काही बोलायच्या आत मांजींनी माझ्या डाव्या बुरुजाला कुंकू लावलं.

"गोबरधनजी घणा चोखा बणाया छै!" त्या म्हणाल्या, आणि मला एकदम सगळं उमगलं. त्या दिवशी इकडे गोवर्धनपूजा. दाराशी शेणाचा गोवर्धन पर्वत करतात, त्याला पूजतात, त्याला प्रदक्षिणा घालतात. मांजी दहा दिवस भिंतीवरून किल्ला बघतच नव्हत्या. परगावचा कारकुनी माणूस एवढा मोठा गोवर्धन घालतोय म्हणून कौतुकानं बघत होत्या, आणि मी राजस्थानच्या रक्ताची तारीफ करत होतो.

चार वर्षं पहिला नंबर मिळवलेला माणूस माझ्या आत उठून उभा राहिला. मी तोंड उघडलं, "मांजी, वो क्या है, ये गोवर्धन नहीं..." आणि पाठीमागून बायकोनं माझ्या तेलकट दंडाला असा चिमटा काढला की वाक्य तिथेच संपलं.

मांजींचं लक्ष वर गेलं होतं. दोरीला लटकलेली विमानं, त्यांच्यापासून खाली बुरुजांपर्यंत बांधलेले दोरे. त्यांनी एकेक दोरा वरून खालपर्यंत बघितला. मग लेकीकडे वळल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "पूरा पहाड़ कान्हाजी की एक उँगली पर. कितनी दुखती होगी बेचारे की. छोरी ने मदद भेज दी!"

पोरं वर बघायला लागली. मग सगळ्यांच्या नजरा माझ्या लेकीवर आल्या, आणि अशा वेळी ती काय करते हे मला माहीत होतं. ती आत पळणार होती.

ती म्हणाली, "हाँ दादीजी. लेकिन बडी वाली उडता नहीं है. उसमें बाहर का आदमी लगती है."

सगळी व्याकरणं पालथी घातलेली होती. कुणी हसलं नाही. त्यांना विमानाचं पडलं होतं. मांजींची मोठी नात म्हणाली, "कौन सा वाला?" लेकीनं गच्चीकडे बोट दाखवलं, आणि दोघी जिन्यानं धावत सुटल्या. मांजींनी खालून आवाज दिला, "खाली मत भेजना, परसाद रख दे!", म्हणजे रिकामं सोडू नका, आणि एक चुरम्याचा लाडू धाकटीच्या हातात देऊन तिलाही वर पिटाळलं.

मी खालून बघत होतो. लेकीनं लाडू हातात घेतला, उलटसुलट बघितला, नातीला काहीतरी विचारलं, आणि मोठ्या मानानं पुढच्या बैठकीत बसवला. लाडू शेजारच्या घरातला. बाहेरचा. नियमात बसणारा. आणि वजन चांगलं छटाकभर!

विमान सुटलं. बालेकिल्ला आला, मी डोळे मिटले. पोरांचा ओरडा ऐकून उघडले तर ते लाल पंख हलवत तळ्यावरून निघालेलं, शिट्टी तारेवर आपटून किणकिणतेय, आणि ते थेट फाटकावर जाऊन धडकलं. लाडू उडून फाटकाच्या पायरीवर फुटला. सगळ्यांनी वेचून खाल्ला, मीही खाल्ला, तेलकट हातानं. देव पावला म्हणतात तो असाही पावतो. मी इतका मोठ्यानं ओरडलो की बायकोला आत जाऊन माझा शर्ट आणावा लागला.

मग प्रदक्षिणा झाली. बायका गाणं म्हणत माझ्या किल्ल्याभोवती फिरल्या, माझी बायकोही फिरली, आणि शेवटी मीही फिरलो. माझ्या कोणत्याही किल्ल्याला साताऱ्यात असा मान मिळाला नव्हता. लेक मात्र प्रदक्षिणेत नव्हती. ती गुहेपाशी उकिडवी बसून दहाबारा पोरांना बुटके, लांबकाने आणि पाणमाणसं समजावत होती. एक पोरगा मध्येच म्हणाला, "बड़ी वाली नहीं, बड़ा वाला." ती म्हणाली, "हाँ, वही," आणि पुढे बोलत राहिली. मी अंघोळ करून आलो तरी बोलत होती. ओवाळून घेऊन, फराळ करून आलो तरी बोलत होती.

त्या दिवसानंतर अंगण आमचं राहिलं नाही. लाडूंचे लोक नावाची चौथी जमात किल्ल्यावर आली. कुणी कारखान्यातून तारा आणल्या, कुणी सायकलच्या ट्यूबा. पण तिकिटाविषयी घरात कुणी चकार शब्द काढला नाही. मी विचारायला घाबरत होतो. चार दिवस पोरं खेळायला आली म्हणून चार महिन्यांचं दुःख जातं असं मानायला माझा धंदा मला शिकवत नाही. रविवारी दुपारी मी मुकाट्यानं माळ्यावरून मोठी बॅग काढली, पुसली, आणि तिकिटं बॅगेच्या कप्प्यात ठेवायला फ्रिजपाशी गेलो. फ्रिजवर नुसता उंट होता.

बाहेर आलो. लेक आणि मांजींच्या दोन नाती किल्ल्यापाशी डोकी जोडून बसल्या होत्या. पाणमाणसांसाठी नवं विमान चाललं होतं, वर जाऊन खालीही येणारं. त्याला पंख होते पांढरे, जाड कागदाचे, नीट घडी घालून कापलेले. डाव्या पंखावर गाडीची वेळ होती. उजव्या पंखावर दोन बर्थचे आकडे.

लेकीनं माझ्याकडे बघितलं. कात्री तिच्या हातातच होती.

"बाबा, हा कागद लागणार होता का?"

मी मान हलवली, नाही म्हणून, मग पुन्हा हलवली.

"कात्री मी दिली," स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको म्हणाली. "आता उभे काय राहिलात? दोरी सैल झालीय, ताणा जरा."

मी दोरी ताणायला गच्चीवर गेलो. तिथे कुणी नव्हतं, म्हणून आधी कठड्याला धरून थोडा रडलो, आणि मग चांगली घट्ट गाठ मारली.